निम्म्या किमतीचा खोटा न्याय

उल्हास नदीच्या काठी वसलेल्या, बदलापुरातील आमच्या मांजर्लीत, शेतांच्या जागी गृहसंकुले उभी राहिल्यापासून त्यांच्या तळमजल्यावरील वाहनतळांत एक खटला वारंवार चालतो. त्यात फिर्यादी शेजारी असतो, मुनसफही शेजारीच असतो, आणि आरोपी म्हणून पंधरा-सोळा वर्षांची, दीड लाखाहून अधिक किलोमीटर धावलेली एखादी छोटी मोटार बॉनेट उघडून मुकाट उभी असते. निकाल बहुधा आधीच ठरलेला असतो : ‘आता हिच्यावर पैसे घालू नका, काढून टाका.’ या निकालाच्या समर्थनार्थ जे कलम उद्धृत होते ते कोणत्याही कायद्याच्या ग्रंथात नाही, परंतु पोक्त माणसांच्या तोंडून ते इतक्या निःशंकपणे बाहेर पडते की ऐकणाऱ्यास त्याचा उगम विचारण्याचे धैर्य होऊ नये. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेला की ती गाडी ठेवणे म्हणजे निव्वळ मूर्खपणा, असे ते कलम आहे. ते सपशेल चुकीचे आहे, आणि त्याच्या आधारे या परिसरातील कित्येक मध्यमवर्गीय कुटुंबे विनाकारण पाच-सात वर्षांच्या कर्जात उतरतात, असे माझे स्पष्ट मत असल्यामुळे त्याची रुजवात येथे थोड्या विस्ताराने करावयाची आहे.

प्रथम तुलना कशाची कशाशी होत आहे ते पाहू. दुरुस्तीचा खर्च हा पुढील काही वर्षांच्या उपयोगासाठी द्यावयाचा मोबदला आहे, आणि बाजारभाव ही एखादा अपरिचित मनुष्य आज त्या वस्तूसाठी मोजील ती रक्कम आहे. या दोन राशींचा परस्परांशी संबंध काय? घराची कौले शाकारताना जुन्या कौलांना बाजारात काय भाव येईल, हे विचारून कोणी शाकारणीचा निर्णय घेत नाही. पावसाळ्यात घर कोरडे राहील की नाही, आणि शाकारले नाही तर दुसरे छप्पर कितीला पडेल, एवढेच तो पाहतो. शिवाय अपरिचिताने देऊ केलेली किंमत मुळातच संशयाने कापलेली असते. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावरच एक निबंध लिहून दाखवून दिले की, विकणाऱ्यास गाडीचे गुणदोष ठाऊक असतात व घेणाऱ्यास नसतात, म्हणून घेणारा सर्वच गाड्यांना सदोष गाडीचा भाव देऊ पाहतो, आणि मग चांगल्या गाडीचा धनी ती बाजारात आणीतच नाही. त्या कामासाठी त्याला पुढे २००१ साली नोबेल पारितोषिकाचा वाटाही मिळाला. आपल्या गाडीचे तेल कधी बदलले, तिला अपघात झाला होता की नाही, ती पुरात बुडाली होती की नाही, हे ज्या मालकास पुरते ठाऊक आहे, त्याने आपल्या ज्ञानावर पाणी सोडून अपरिचिताच्या अज्ञानाचा भाव प्रमाण मानावा, ही तजवीज मला तरी विचित्र वाटते.

आता हिशेब. समजा, जुन्या गाडीस आज नव्वद हजार रुपये येतात, आणि मिस्त्रीने क्लच प्लेट, सस्पेन्शनचे बुश व लोअर आर्म, टायमिंग बेल्ट, रेडिएटर व चार टायर मिळून साठ हजारांचा आकडा कागदावर लिहून दिला आहे. निम्म्या किमतीच्या न्यायाने गाडीला फाशी झाली. परंतु तिच्या जागी येणाऱ्या आठ लाखांच्या नव्या गाडीचे काय होते? विम्याच्या कागदावर गाडीचे जे मूल्य धरतात, त्याच्या घसाऱ्याचे कोष्टक ठरलेले आहे : सहा महिन्यांनंतर वर्ष पुरे होईपर्यंत १५ टक्के, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्के वजा. म्हणजे पाच वर्षांत आठातले चार लाख विमेवाल्याच्याच दप्तरी नाहीसे होतात. सात लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले तर हप्ता सुमारे साडेचौदा हजारांचा बसतो व मुद्दलाव्यतिरिक्त सुमारे एक लाख बहात्तर हजार रुपये व्याज जाते. दोन्ही मिळून पाच लाख बहात्तर हजार. दरसाल एक लाख चौदा हजारांच्या वर. यात महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीवर ११ टक्क्यांनी पडणारा एकरकमी कर, म्हणजे आठ लाखांवर ८८ हजार, मी धरलेला नाही, आणि नव्या गाडीचा जो विमा जुनीपेक्षा कितीतरी जड असतो तोही धरलेला नाही. प्रतिपक्षास झुकते माप द्यावे म्हणून.

जुनीचा जमाखर्चही तितक्याच कठोरपणे मांडू. साठ हजारांची दुरुस्ती दोनच वर्षे टिकली असे माना, म्हणजे दरसाल तीस हजार; किरकोळ कामांसाठी आणखी वीस हजार; बाजारभाव उतरला त्याचे दहा-तेरा हजार. राहिला पेट्रोलचा प्रश्न, ज्यावर विक्रेता सर्वाधिक वेळ बोलतो. जुनी लिटरला चौदा किलोमीटर देते व नवी वीस, वर्षाचे धावणे आठ हजार आणि पेट्रोलचा भाव हिशेबाच्या सोयीसाठी शंभर रुपये धरला, तर फरक सतरा हजारांचा येतो. सर्व मिळून फार तर ऐंशी हजार. येथे आठ हजार किलोमीटर धरण्याचे कारण बदलापुरात राहणाऱ्यास वेगळे सांगावयास नको : येथला चाकरमान्या रोज सकाळी लोकलने जातो, त्याची गाडी आठवडाभर वाहनतळात झाकून उभी असते, आणि ती बाहेर निघते ती रविवारी कर्जतकडे, सुटीत कोकणात, किंवा अपरात्री कोणास कल्याणच्या इस्पितळात न्यावे लागले तर. ज्याची गाडी वर्षास तीस हजार किलोमीटर धावते त्याने हा हिशेब पुन्हा मांडावा. त्याच्या बाबतीत पेट्रोलचा आकडा जवळजवळ चौपट होऊन उत्तर फिरेल, हे मी नाकारीत नाही. परंतु वाहनतळातील मुनसफ ही चौकशी करीत नाहीत. त्यांचे कलम सर्वांना सारखेच लागू असते.

यावर एक आक्षेप येतो व तो वजनदार आहे. हप्ता निश्चित असतो, दुरुस्ती अनिश्चित. आज क्लच, उद्या गिअरबॉक्स, परवा आणखी काही, असा हा पैशाचा ओघ कोठे थांबणार? आक्षेप घेणाऱ्याची भीती खरी आहे, पण त्याने दोन भिन्न गोष्टी एकत्र केल्या आहेत. क्लच, ब्रेक, टायर, बॅटरी, बेल्ट, बुश ही झिजण्यासाठीच बनविलेली अंगे होत. ती नव्या गाडीतही झिजतात, आणि जुनीत एकदा बदलली की त्यांची मुदत शून्यापासून मोजली जाते. ज्या गाडीत ही सर्व कामे गेल्या दोन वर्षांत झाली आहेत तीच नेमकी ‘हिच्यावर फार खर्च झाला’ म्हणून विकली जाते, आणि त्या खर्चाचे फळ दुसराच कोणी खातो. असे व्यवहार मी डोळ्यांदेखत पाहिले आहेत व दरवेळी हळहळलो आहे. याहून वेगळी गोष्ट म्हणजे इंजिनाचा ऱ्हास, आणि तो ओळखता येतो. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस दिसला तर पाणी तेलात मिसळते आहे, हेडगास्केट गेले आहे अशी शंका घ्यावी. सायलेन्सरमधून निळसर धूर आला तर गाडी ऑइल जाळते आहे. चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मापून त्यांत मोठा फरक आढळला तर रिंग-पिस्टन वा व्हॉल्व्ह तपासावेत. हे मोजमाप अर्ध्या तासाचे काम आहे. निश्चिततेची इतकीच आस असेल तर त्या साडेचौदा हजारांच्या हप्त्यापैकी निम्मी रक्कम दरमहा बँकेत वेगळी ठेवावी. वर्षाअखेर गाडीने मागितले नाही ते आपले, आणि हप्त्याच्या बाबतीत असे कधी घडत नाही.

किलोमीटरच्या आकड्याविषयी थोडक्यात. एक लाख झाले म्हणजे इंजिन संपले, ही समजूत ज्या काळी जाड तेल व कच्चे मिश्रधातू होते त्या काळातली असावी. कर्जत-खोपोलीमार्गे कोकणात मोकळ्या रस्त्याने धावलेले दीड लाख किलोमीटर आणि शीळफाट्याच्या वाहतुकीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये क्लचवर पाय ठेवून रांगलेले साठ हजार, यांत दुसऱ्या गाडीचे इंजिन व क्लच अधिक थकलेले असण्याचा संभव पुष्कळ. इंजिन तापण्याआधीच जी बंद होते अशी रोजची दोन किलोमीटरची फेरी तर त्याहून वाईट. आकडा केवळ अंतर सांगतो.

आता त्या बाजूकडे वळतो जेथे प्रतिपक्षाचे म्हणणे मला मान्य आहे, आणि मांजर्लीत राहून ते अमान्य करणे शक्यही नाही. २६ जुलै २००५, पुन्हा २७ जुलै २०१९, जेव्हा बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारावर प्रवाशांसह पाण्यात अडकली होती, आणि पुन्हा जुलै २०२१ : उल्हास नदी पात्र सोडून मांजर्ली, हेंद्रेपाडा, रमेशवाडी, वालिवली या भागांत शिरली, आणि तळमजल्यावरील गाड्या छतापर्यंत नव्हे तरी आसनांपर्यंत बुडाल्या. पूर ओसरल्यावर गाडी धुतली, वाळवली, अत्तर मारले, की ती दिसावयास पूर्ववत होते. पण पुढच्या आसनाखालचा गालिचा उचलून त्याच्या खालच्या फेल्टवर बोट दाबा. सहा महिन्यांनीही ते ओले लागते आणि बोटाला नदीचा बारीक करडा गाळ चिकटतो. आसन ज्या रुळांवर सरकते त्यांच्या खाचांत तोच गाळ. डॅशबोर्डखालील वायरिंगचा एखादा जोड सोडवून पाहिला तर पितळी टोकांवर हिरवट गंज चढलेला दिसतो, आणि हा गंज हळूहळू, जोडामागून जोड, वर्षभर पसरत राहतो. आज काच खालीवर होत नाही, पुढच्या महिन्यात एअरबॅगचा दिवा पेटतो, त्यानंतर एका रात्री गाडी सुरूच होत नाही, आणि कोणत्याही मिस्त्रीस दोषाचे मूळ सापडत नाही. अशा गाडीवर पैसे घालू नयेत, हे मी कोणाही शेजाऱ्याइतक्याच ठामपणे सांगेन, मग तिचे वय दोनच वर्षांचे का असेना. आणि पाण्यात उभ्या असलेल्या गाडीला ‘बघू या चालू होते का’ म्हणून सेल्फ मारणे हा तर आत्मघात : पाणी हवेच्या मार्गाने सिलिंडरात गेलेले असले तर ते दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉडच वाकतो, आणि साध्या विम्यात हे नुकसान बहुधा मिळत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी पुरवणी घ्यावी लागते.

याच कारणास्तव, नवी नको तर चार-पाच वर्षांची वापरलेली घ्या, म्हणजे पहिला निम्मा घसारा दुसऱ्याने सोसलेला असतो, हा जो शहाणपणाचा मधला मार्ग सुचविला जातो, तो तत्त्वतः बिनतोड असूनही या टापूत जपून चालावा असा आहे. पुरातील गाड्या भंगारातच जातात असे थोडेच आहे!

दुसरी कबुली सांगाड्याची. इंजिन बदलता येते, गिअरबॉक्स बदलता येतो, रंग देता येतो. मोनोकॉक बांधणीच्या गाडीचा तळ गंजला की मात्र उपाय फार महाग आणि बरेचदा निरर्थक असतो. गाडी खड्ड्यावर किंवा लिफ्टवर घेऊन मिस्त्री जेव्हा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने दरवाज्यांखालचा पट्टा व मागच्या सस्पेन्शनची बैठक ठोकत जातो, तेव्हा शाबूत पत्रा खणखणतो आणि कुजलेला भद्द वाजतो. टोक दाबताच आत शिरले तर बोलणेच संपले. तिसरी कबुली जिवाच्या रक्षणाची, आणि तिला हिशेबाच्या वहीत रकाना नाही. २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस व चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, पुढे शेजारच्या आसनासाठीही झाली; पंधरा वर्षांपूर्वीच्या स्वस्त गाड्यांत यांतले काहीच नसे. ज्याच्या घरात लहान मूल आहे आणि ज्याचा प्रवास मुख्यतः द्रुतगती महामार्गावर आहे, त्याने केवळ या एका कारणासाठी गाडी बदलली तर मी त्यास नमस्कार करीन. मात्र ते कारण त्याने तसेच सांगावे. ‘दुरुस्ती परवडत नाही’ या सबबीआड लपवू नये.

सुट्या भागांची उपलब्धता हा आणखी एक निकष, आणि आमच्या मुलखाने त्याचे दोन्ही टोकांचे दाखले पाहिले आहेत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली पद्मिनी मुंबईच्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून दशकानुदशके राबली, आणि ऑक्टोबर २०२३ अखेर ती थांबली ती यंत्र थकल्यामुळे नव्हे, तर २००३ च्या ऑक्टोबरात नोंदलेल्या शेवटच्या टॅक्सीची वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्यामुळे. गल्लोगल्ली तिचा मिस्त्री होता व तिचा प्रत्येक नट दुकानात मिळत होता, हेच तिच्या दीर्घायुष्याचे रहस्य. उलट त्याच कंपनीने फ्रेंच प्यूजोशी भागीदारी करून नव्वदच्या दशकात आमच्या शेजारी, कल्याण-शीळ रस्त्यावरील कारखान्यात, जी प्यूजो ३०९ काढली, ती गुणाने कितीतरी सरस असूनही भागीदारी मोडताच पोरकी झाली व मालकांस सुट्या भागांसाठी वणवण करावी लागली. तेव्हा आपली गाडी ज्या जातीची आहे तिची संख्या रस्त्यावर किती, हे किलोमीटरपेक्षा आधी विचारावे. बाकी कारागिरांची या पट्ट्यात वाण नाही. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीने व मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीने जे फिटर-टर्नर घडविले त्यांच्या हाताखाली शिकलेली पिढी इथल्या औद्योगिक वसाहतींत अजून लेथवर उभी आहे, आणि १९४९ साली नाव मिळालेल्या उल्हासनगरात निर्वासित सिंध्यांनी मोडक्या वस्तूतून चालती वस्तू करण्याचा जो धंदा उभारला त्याची थट्टा करणारेही अडले की तिकडेच जातात. अस्सल सुटा भाग व नक्कल यांतला फरक तेवढा पारखून घ्यावा. ब्रेक व स्टीअरिंगच्या बाबतीत नक्कल कदापि नको.

राहता राहिला सरकारी फर्मानाचा बागुलबुवा. ‘पंधरा वर्षांनंतर गाडी भंगारातच द्यावी लागते’ हे वाक्य दिल्लीत वस्तुस्थितीच्या जवळ होते, कारण तेथे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१५ च्या व सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशांनी दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर बंदी आली. महाराष्ट्रात तसा कायदा नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालेले भंगार धोरण स्वेच्छेचे आहे : नोंदणीकृत केंद्रात गाडी दिली तर तशाच नव्या गाडीच्या किमतीच्या चार ते सहा टक्के भंगारमूल्य व नवीच्या करात सवलत, हे आमिष आहे, हुकूम नव्हे. मोटार वाहन कायदा खासगी गाडीस पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांची मुदतवाढ देतो. धुराचा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. बीएस-६ च्या आधीच्या इंजिनाचा धूर अधिक विषारी असतो यात वाद नाही. पण वर्षास आठ हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीच्या धुरापासून पर्यावरण वाचविण्याचा उपदेश करणाऱ्यांनी, नवी गाडी पहिला किलोमीटर धावण्यापूर्वी तिच्या पोलाद, ॲल्युमिनियम व प्लास्टिकसाठी जो कोळसा जळतो, तोही आपल्या ताळेबंदात कोठेतरी लिहावा. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल येते, त्याने जुन्या गाडीच्या रबरी नळ्या व सील लवकर खराब होण्याचा संभव आहे, हे मात्र खरे. त्या नळ्या बदलून घ्याव्यात, त्यासाठी गाडी बदलू नये.

म्हणून, मांजर्लीच्या वाहनतळातील मुनसफांस माझी विनंती एवढीच की निकाल देण्यापूर्वी आरोपीस एकदा खड्ड्यावर चढवावे, आणि मालकास बाजारभाव विचारण्याऐवजी त्याचे वर्षाचे धावणे विचारावे. ज्यांची गाडी शाबूत ठरेल त्यांनी नोंदणीची मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीपासून फॉर्म २५ भरता येतो हे ध्यानात ठेवावे. २०२२ मध्ये मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले, पर्यावरण कर निराळा पडतो, आणि मुदत टळली तर दरमहा ५०० रुपये जादा भरावे लागतात.